निबंधातला आरोपी

वणीजवळच्या राजूरहून अरबी समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. पर्यावरण दिनाच्या निबंधस्पर्धेचा जो गठ्ठा माझ्याकडे तपासायला आला, त्यात मात्र समुद्रच समुद्र होता. विषय होता ‘माझी निसर्गसहल’. ज्यांचे आईबाप खदानीत, नाहीतर चुनाभट्टीवर राबतात त्या पोरांनी गाईडातला किनारा जसाच्या तसा उतरवला होता. आधी सूर्योदय, मग सोनेरी वाळू आणि शंखशिंपले, मग प्लास्टिकच्या पिशव्या, मग खिन्न झालेलं मन आणि शेवटी निकाल: मानव स्वार्थी झाला आहे, मानवानेच निसर्ग नासवला. अरबी समुद्रातून सूर्य उगवत नाही, हे कुणालाच खटकलं नव्हतं. गाईड छापणाऱ्यालाही नाही.

पोरांवर राग नाही. त्यांना गुण कशाला मिळतात ते पक्कं ठाऊक असतं. राग आहे तो या ‘मानवा’वर. तो कुठे राहतो, काय विकतो, त्याला परवाना कोण देतं, हे निबंधात कुठेच येत नाही. गुन्हा कबूल, आरोपी बेपत्ता. आणि हे सगळं राजूर कॉलरीत बसून लिहिलेलं, जिथे सायडिंगवर कोळसा उतरतो, टिप्परमागून काळी धूळ उठते आणि वाळत घातलेलं धुणं दुपारपर्यंत करडं होतं.

मुलाला निसर्गात न्यावं, डोळे उघडून बघू द्यावं, हा विचार रूसोपासून रवींद्रनाथांपर्यंत सगळ्यांनी मांडून झालेला आहे. त्याबद्दल वाद नाही, त्यामुळे तिथे थांबत नाही. आपल्या बाजूला तो विचार आला तेव्हा मात्र त्याला वेगळं वळण लागलं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि पुढे सेवाग्रामच्या नयी तालीमीत सफाई हा शिक्षणाचा भाग झाला. ती सफाई सुंदर दिसण्यासाठी नव्हती. एका जातीच्या डोक्यावर टाकलेलं काम सगळ्यांच्या हाती यावं म्हणून होती. घाण कुणाची आणि ती उपसतं कोण, हा प्रश्न खराट्यासोबतच मुलाच्या हातात दिला जायचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बोर्डीला समुद्र आहे, पण त्यांची खरी करामत पुढे कोसबाडच्या टेकडीवर दिसली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच गुरांमागे गेली. त्या मुलांना निसर्गाची सहल घडवण्याची गरजच नव्हती.

गाडगेबाबांचंही तसंच. आज त्यांचा खराटा प्रत्येक अभियानाच्या फलकावर असतो, त्यांचं कीर्तन मात्र नसतं. शेंडगावचा हा माणूस दिवसा गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावाला उभं करून विचारायचा: कर्ज काढून लग्न कशाला, देवाला बकरं कशाला, दारू कशाला, शिवाशिव कशाला. सकाळचं झाडणं ही रात्रीच्या उलटतपासणीची तयारी होती. आपण सकाळ ठेवली आणि रात्र काढून टाकली.

आता समुद्राकडे येतो, कारण किनाऱ्यावरचं मूल ही प्रतिमा ज्या बाईने जगाला दिली तिचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण दुसऱ्याच कारणासाठी. रेचल कार्सनने १९५६ मध्ये एका बायकांच्या मासिकात लेख लिहिला. भाचीच्या छोट्या मुलाला, रॉजरला, ती अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर रात्री, पावसात, वादळात घेऊन जायची, त्याबद्दल. मुलाला नावं पाठ करायला लावू नका, त्याला आधी थक्क होऊ द्या, असा त्याचा सूर. त्या लेखात कचरा नाही, उपदेशही नाही. सहा वर्षांनी याच बाईने ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिलं आणि त्यात डीडीटीसारखी रसायनं नाव घेऊन मांडली, ती फवारणारी सरकारी खाती आणि विकणारा उद्योग पुढ्यात उभा केला. रसायन उद्योग तिच्यावर तुटून पडला. म्हणजे कार्सनकडे दोन वेगळी कामं होती. मुलाला विस्मय आणि मोठ्यांना आरोपपत्र. आपल्या गाईडाने दोन्हींची खिचडी केली: विस्मय अर्ध्या पानात उरकला आणि आरोपपत्रातली नावं खोडून ते मुलाच्या हाती दिलं.

ही नावं कधी खोडली गेली? सगळे सांगतात, सत्तरच्या आसपास जग जागं झालं आणि सामान्य माणसाला आपली जबाबदारी कळली. मला ही गोष्ट उलटी वाचावीशी वाटते.

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात शेतकऱ्यांच्या कुरणांत बियरच्या फेकलेल्या बाटल्या फुटायच्या आणि काचेने गुरं जखमी व्हायची. १९५३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने एकदाच वापरून फेकायच्या बियरच्या बाटल्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था निघाली. तिचा भर बाटली कोण बनवतं यावर नव्हता, ती कोण फेकतं यावर होता. व्हर्मॉन्टची बंदी १९५७ ला मुदत संपून विरली. १९७१ च्या वसुंधरा दिनी या संस्थेची ती सुप्रसिद्ध जाहिरात आली. होडीतून आलेला एक मूळ अमेरिकन किनाऱ्यावरचा कचरा बघतो, चालत्या गाडीतून कुणीतरी त्याच्या पायाशी पुडकं भिरकावतं आणि त्याच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. संदेश असा, की प्रदूषण माणसं सुरू करतात आणि माणसंच ते थांबवू शकतात. तो रडणारा नट इटालियन वंशाचा होता, हे नंतर उघड झालं. २०२३ मध्ये या जाहिरातीचे हक्क मूळ अमेरिकनांच्या राष्ट्रीय संघटनेकडे गेले आणि त्यांनी ती कायमची मागे घेतली. त्याच १९७१ मध्ये ओरेगॉन राज्याने बाटलीवर अनामत रक्कम लावणारा कायदा केला. बाटली परत आणा, पैसे घ्या. असे कायदे येऊ नयेत म्हणून झटणाऱ्यांत ‘अमेरिका सुंदर ठेवा’ म्हणणाऱ्या कंपन्या पुढे होत्या.

अनामतीची बाटली आपल्याकडच्या पन्नाशीतल्या कुणालाही आठवेल. दुकानात उभं राहून थंडा प्यायचा आणि रिकामी बाटली क्रेटमध्ये ठेवूनच निघायचं. घरी नेली तर पैसे ठेवून जा. बाटली कंपनीची होती, त्यामुळे ती रस्त्यावर पडत नव्हती. प्लास्टिकची बाटली आली तेव्हा माणसाचा स्वभाव एका रात्रीत बिघडला नाही. रिकामी बाटली परत नेण्याचा कंपनीचा खर्च तेवढा वाचला आणि तो गावाच्या नालीत आला. १९७१ च्या त्या थेंबाने हा हिशेब झाकला. म्हणून मी त्याला जागृती म्हणत नाही.

ती जाहिरात आपल्याकडे कुणी पाहिली नव्हती, आणि आपण तेव्हा वेगळ्या वाटेनेही चाललो होतो. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, ७ सप्टेंबर १९७० ला प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं केलं. केंद्राचा कायदा १९७४ चा. या कायद्यांना पक्कं ठाऊक होतं की नदीत सांडपाणी सोडायला परवानगी लागते आणि ती मागणारा कुणीतरी ठरावीक असतो. १९७२ ला स्टॉकहोममध्ये इंदिरा गांधींनी दारिद्र्य हेच मोठं प्रदूषक नाही का, असा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचं विधान करून गरिबाच्या तोंडावर मारणारे त्याच भाषणातला दुसरा भाग विसरतात. आजचे अनेक श्रीमंत देश इतरांवर राज्य करून आणि स्वतःचीच जनता व साधनं ओरबाडून श्रीमंत झाले, हेही त्या तिथेच बोलल्या होत्या.

मग भोपाळ झालं. त्यानंतर दिल्लीत झालेल्या वायुगळतीच्या खटल्यात वकील एम. सी. मेहतांमुळे १९८६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोकादायक उद्योग करणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण आहे, कसलीही सबब चालणार नाही. मेहतांच्याच आणखी एका याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ ला पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करण्याचा आदेश निघाला. मला यातली गंमत फार खुपते. ज्या वकिलाने आयुष्यभर कारखान्यांची नावं घेतली, त्याच्यामुळे आलेल्या विषयात एकाही कारखान्याचं नाव नाही. मेहतांचे खटलेच सातवीच्या पुस्तकात धडा म्हणून घातले असते तर मुलांनी ते गोष्टीसारखे वाचले असते. त्याऐवजी आम्ही त्यांना घोषवाक्यं दिली.

कुणी म्हणेल, पण वेफरचं पाकीट माणूसच टाकतो ना? टाकतो. मीही टाकणाऱ्याला हटकतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून अफरोझ शाह आणि शेजारीपाजारी कचरा उपसत राहिले आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. या कामाला नावं ठेवण्याची माझी लायकी नाही. पण २०१६ च्या प्लास्टिक नियमांनी वेष्टनाचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आणि ब्रँडच्या मालकावर टाकली आहे. कायद्याला समजलेली गोष्ट निबंधाला अजून समजलेली नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात डांबराचे गोळे वाहून येतात, ते तर कुठल्याही सहलीला आलेल्या पोराने टाकलेले नसतात. ते समुद्रात सांडलेलं तेल असतं.

आणि समुद्र हवाच कशाला? आमच्या तालुक्याच्या कडेने वर्धा वाहते. वढ्याला तिला पैनगंगा मिळते, तिथे विठ्ठल आहे, कार्तिकीला यात्रा भरते. लहानपणी आम्ही त्या यात्रेला गेलो की संगमाच्या वाळूत दुपारभर लोळायचो. ती आमची चौपाटी. जवळच घुग्गुस, कोळशाचं आणि सिमेंटचं गाव. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाच्या निर्देशांकाने क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं, आणि त्या पट्ट्यात घुग्गुसही होतं. नदी जिल्ह्याची हद्द आहे, धूळ हद्द मानत नाही. वणी-राजूरच्या मुलाला सौंदर्य आणि घाण एकाच नजरेत बघायची असेल तर संगमावर उभं राहून दोन्ही काठांकडे पाहिलं की पुरे. तिथे त्याला खदानीच्या मातीचे डोंगर दिसतील, धुराडी दिसतील, आणि प्रत्येकाच्या फाटकावर मालकाच्या नावाची पाटीही दिसेल.

गठ्ठा परत करताना मी एका शिक्षकाला म्हटलं, “सर, पुढल्या वर्षी वढ्याची सहल काढा, आणि निबंधात पाट्यांवरची नावं लिहायला सांगा.” ते हसले. म्हणाले, “भाऊ, बक्षिसाचे पैसे कोण देते, ठाऊक हाय ना?” ठाऊक होतं. कंपनी कायद्याप्रमाणे १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि पर्यावरणाची कामं त्या यादीत बसतात. स्पर्धा, टोप्या, फलक, सगळं त्यातून होतं. विषयही बहुधा तिथूनच लिहून येतो.