अवघड राहण्याचा अधिकार

भाची : मामा, दिग्दर्शक मणी कौलचा ‘सतह से उठता आदमी’ पुन्हा पाहिला आणि या खेपेला रागच आला. शिकलेला मध्यमवर्गीय कष्टकऱ्यांपासून तुटलाय, त्याचं काय करायचं, या प्रश्नाशी हिंदी कवी मुक्तिबोध जन्मभर झुंजले. आणि त्यांच्या लेखनावरचा हा १९८० चा चित्रपट कष्टकऱ्याचं सोड, मलासुद्धा धड आत घेत नाही!

मामा : मग काय हवं होतं? चरित्रपट?

भाची : का नको? घरात मराठी, लेखन हिंदीत. भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. राजनांदगावच्या कॉलेजात प्राध्यापकी, सततची ओढाताण, १९६४ मध्ये मृत्यू. पहिला कवितासंग्रह छापून आला तो ते गेल्यावर. कुणाच्याही काळजाला भिडेल असं आयुष्य.

मामा : भिडेल. प्रेक्षक रडेल आणि रडून मोकळा होईल. मुक्तिबोधांनी स्वतःला तशी सुटका कधी दिली नाही. डायरी असो, कथा असो, कविता असो, माणूस स्वतःचीच उलटतपासणी घेत राहतो. मणी कौलनं तो मजकूर चित्रपटातल्या रमेश आणि त्याच्या मित्रांच्या तोंडी दिला, पण भावनेचा आधार काढून घेतला. कारखान्याचा तो लांबलचक भाग बघ. तिथं रडायला जागाच नाही. विचारच करावा लागतो.

भाची : विचाराला फुरसत लागते, मामा. पाळी करून आलेल्याकडे ती कुठून असणार? ज्याच्यामुळे अपराधी वाटतं, त्यालाच बाहेर ठेवून कलावंत आपला अपराधभाव देखणा करून घेतो.

मामा : हे खरं आहे. पण त्याला सोपंच द्यावं, हे कुणी ठरवलं? कीर्तनात अद्वैत ऐकणारी माणसं कुठल्या शाळेत गेली होती?

भाची : तिथं निरूपण करायला बुवा उभा असतो. पडद्यासमोर कोण असतं?

मामा : नेमकं बोललीस. अभंग सोपा करावा लागला नाही, कारण तो उलगडणारा माणूस होता. आपल्याकडे तोच नाही.

भाची : माझीही तीच अडचण आहे. वस्तीतल्या एका बाईवर मी फिल्म केलीय; ती नुसती वाट पाहत असते त्या लांब शॉटवर निवेदन टाक, म्हणतात सगळे. पण तिचं वाट पाहणं अंगावर यायला हवं. निवेदन आलं की ते नुसतं कळेल.

मामा : मग शॉट ठेव. फक्त तो अवघडपणा विषयाचा आहे की तुझ्या मोठेपणाचा, हे तपास.

भाची : ते आतून कसं कळणार? प्रत्येकाला आपला अवघडपणा प्रामाणिकच वाटतो.

मामा : आतून कळणार नाही. जिच्यावर फिल्म केलीस, तिच्या वस्तीत दाखव. खेळ संपल्यावर उठून जाऊ नकोस. ‘एवढं लांब कशाला?’ असं कुणी विचारलं, तर त्यांना समजेल असं उत्तर दे.

भाची : आणि ते पटलं नाही तर?

मामा : त्यांचं खरं असू शकतं, हे मनात धरून पुन्हा एडिटला बस.

भाची : म्हणजे शॉट ठेवायचा की कापायचा, हे त्यांनी ठरवायचं?

मामा : नाही, ठरवायचं तूच. पण त्यांना उत्तर द्यायला तू बांधलेली आहेस. ते टाळलंस, तर अवघड राहण्याचा अधिकारही तुला उरत नाही.