अर्धी शाल

मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हा आईबापांचा रोजचाच उद्योग आहे. बहुतेक प्रश्न उत्तर घेऊन आल्या वाटेने निघून जातात. एखादा मात्र असा येतो की उत्तर देऊन झाले तरी तो उठत नाही. लांबच्या नातलगासारखा घरात मुक्कामच ठोकतो. असा एक प्रश्न 2023च्या दिवाळीत आमच्याकडे आला आणि अजून गेलेला नाही. तो आला तेव्हा माझे हात खळीने बरबटलेले होते, शेगडीवर लोणी कढत होते आणि माझी पाच वर्षांची लेक टेबलावर कोपरे टेकून माझ्याकडे बघत होती.

आमचे बिऱ्हाड जर्मनीत, ऱ्हाइन नदीकाठच्या बॉन शहरात आहे. त्या वर्षी 11 नोव्हेंबर शनिवारी आला होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान व संध्याकाळी लक्ष्मीपूजन होते. 11 नोव्हेंबर हा या मुलखात संत मार्टिनचा दिवस. त्या सुमारास इथे पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो. अंधार पडला की मुले आपल्या हातांनी केलेले कागदी कंदील काठीला लटकावून गाणी म्हणत रस्त्याने निघतात. पुढे घोड्यावर तांबडी शाल पांघरलेला स्वार असतो, बरोबर बँड असतो आणि शेवटी मोकळ्या जागेत मोठी शेकोटी पेटते. त्यामुळे आमच्या एकाच टेबलावर दोन कंदिलांचा संसार मांडला होता: एक लेकीचा मार्टिनचा, एक माझा दिवाळीचा.

दुकानात मी रंगीत पातळ कागद मागितला, तेव्हा मिळालेल्या गुंडाळीवरच्या जर्मन नावाचा अर्थ होता ‘पतंगाचा कागद’. वाईला माझे वडील आकाशकंदिलासाठी जो कागद आणत, त्यालाही आम्ही पतंगाचाच कागद म्हणत असू. एकमेकांना न विचारता दोन मुलखांनी एका वस्तूला एकच नाव दिलेले पाहून मला उगाचच धीर आला. कामट्या काही मिळाल्या नाहीत. कुंडीतल्या रोपांना आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या आणून त्या उभ्या चिरल्या. खळ मात्र मैद्याचीच केली, कारण तिच्या वासावाचून आकाशकंदील पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

तुपाचेही तसेच. इथे लोणी 250 ग्रॅमच्या वड्यांनी मिळते. त्यात गोड सायीचे आणि विरजलेल्या सायीचे असे वेगवेगळे प्रकार असतात, हे कळायला मला दोन दिवाळ्या लागल्या. गोड सायीच्या लोण्याचे तूप दिसते सुरेख, पण त्याला आपला वास येत नाही. विरजलेल्या सायीचे कढवले की घराचे आजोळ होते. त्याच वासाने आमच्या शेजारच्या वृद्ध बाई एकदा दाराशी आल्या. मी करंजीची कड सुरीने कापते आहे हे पाहून काही न बोलता परत गेल्या आणि आपल्या खणातली दातेरी चाकाची फिरकी घेऊन आल्या. ती त्यांच्या सासूबाईंची होती. नाताळच्या आधी त्याही डबेच्या डबे भरून बिस्किटे करतात. त्यांतला एक प्रकार तर आपल्या सोऱ्यासारख्याच साच्यातून दाबून पाडायचा असतो. मी दिलेली फराळाची ताटली त्यांच्याकडून कधी रिकामी परत आलेली नाही.

परदेशातल्या संसारात असे सारखेपणाचे आनंद पुष्कळ सापडतात. ते गोड असतात. परंतु त्यांना फारशी किंमत मोजावी लागत नाही. लेकीचा प्रश्न आला तो वेगळेपणातून.

ती मला मार्टिनची गोष्ट सांगत होती. मार्टिन हा चौथ्या शतकातला रोमन घोडेस्वार. जन्म आजच्या हंगेरीतला. पुढे तो आजच्या फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप झाला आणि 397 साली वारला. तरुणपणी, बाप्तिस्मा व्हायच्याही आधी, कडाक्याच्या थंडीत आमियां शहराच्या वेशीशी त्याला एक उघडा भिकारी भेटला. मार्टिनपाशी होते नव्हते ते त्याने आधीच वाटून टाकले होते; अंगावरची शाल तेवढी उरली होती. त्याने तलवार उपसून तिचे दोन तुकडे केले, एक भिकाऱ्याला दिला आणि एक स्वतः पांघरला. मार्टिनला प्रत्यक्ष भेटलेल्या सुल्पिकिउस सेव्हेरुस या चरित्रकाराने पुढचेही लिहून ठेवले आहे. त्याचे ते अर्धवट ध्यान पाहून वेशीवरचे काही लोक हसले. काही मात्र मनातून ओशाळले, कारण त्यांच्यापाशी अधिक असून त्यांनी काही दिले नव्हते. रात्री मार्टिनच्या स्वप्नात ख्रिस्त आला, तो तोच अर्धा तुकडा पांघरून.

‘आई, पण त्याने अर्धीच का दिली? सगळी का नाही दिली?’

‘सगळी दिली असती तर त्यालाच थंडी वाजली असती ना.’

तिने थोडा विचार केला. ‘पण आता दोघांनाही वाजणार. थोडी थोडी.’

लोणी उतू जायला आले होते, म्हणून मी उठले. खरे तर मला उठायला निमित्त हवे होते.

माझे उत्तर माझे मलाच पटले नव्हते. मी कर्णाच्या गोष्टींवर वाढले. शिबी राजाने कबुतरासाठी मांडीचे मांस तोडून दिले, आणि तेवढ्याने तागडी खाली जाईना तेव्हा तो स्वतःच पारड्यात बसला. देणाऱ्याने हात राखून देऊ नये, हे आमच्या घरी न शिकवता शिकवले गेले होते. त्या संस्काराला ही अर्धी शाल तोकडी वाटली. अर्धे देणे म्हणजे दिल्याचे नाव आणि राखल्याची सोय!

आणि ते मला इतके टोचले यालाही कारण होते. वडील गेल्यापासून आई वाईला एकटी राहते. ती कधी काही मागत नाही. त्या वर्षी मात्र भाद्रपदातच तिने फोनवर विचारले होते, ‘या दिवाळीला येणं होईल का गं?’ रजा संपली होती. मी नाही म्हणाले. तिने लगेच विषय बदलला आणि पावसाचे बोलू लागली. मी तिच्या सोबतीला बाई ठेवली आहे, पैसे पाठवते, रोज फोनच्या काचेवर तिचा चेहरा पाहते. म्हणजे काय, तर अर्धी शाल. उरलेली अर्धी या घरावर. तिच्यातूनही लेकीला मराठी द्यायची ती अर्धीच, कारण ती भांडते, मोजते आणि स्वप्नात बोलते ते जर्मनमध्ये.

आमच्या या शहराचा आणि दानाच्या प्रश्नाचा एक जुना धागा आहे. 1818 साली आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल बॉनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि 1823 साली त्यांनी भगवद्गीतेचा मूळ पाठ लॅटिन भाषांतरासह इथूनच छापून प्रसिद्ध केला. त्या गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगितली आहेत. द्यायला हवे म्हणून द्यावे, परतफेडीची आशा नाही अशाला द्यावे, स्थळ, काळ आणि पात्र पाहून द्यावे. किती द्यावे, हे त्या व्याख्येत नाही. मी ती पुन्हा वाचली तेव्हा प्रथमच हे ध्यानात आले. मापाचा आग्रह आपण कथांतून घेतला आहे.

मग कथाही मनात पुन्हा उलगडून पाहिल्या. हरिश्चंद्राने राज्य दिले. पण दक्षिणा उरली तेव्हा बाजारात उभी राहिली ती तारामती आणि लहानगा रोहिदास. नचिकेत्याच्या वडिलांनी सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला आणि दानाला काढल्या त्या दूध आटलेल्या, थकलेल्या गाई. ते पाहून मुलगा पुन्हा पुन्हा विचारू लागला की मला कोणाला देणार, आणि बापाने संतापून त्याला यमाला देऊन टाकले. दोन्ही ठिकाणी सर्वस्व देणाऱ्याच्या पाठीमागे एक मूल उभे आहे. त्याला कोणी विचारलेले नाही.

कर्णाने कवचकुंडले दिली ती स्वतःच्या अंगावरून सोलून. मार्टिनने कापली तीही स्वतःचीच शाल. तिच्यात दुसरे कोणी निजलेले नव्हते. माझ्या शालीत मात्र माणसे आहेत. सगळे सोडून मी वाईला जाऊन राहावे म्हटले, तर लेकीला तिच्या बापापासून आणि तिच्या भाषेपासून कापावे लागते. इथेच राहावे, तर कापले जाते ते आईचे म्हातारपण. संसार करणाऱ्या माणसाला सर्वस्व देता येत नाही, याचे कारण तो कृपण असतो असे नाही. सर्वस्व म्हणून जे त्याच्या हाती असते, ते सगळे त्याचे नसते.

इथवर आल्यावर मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण अर्ध्याला एक चोरवाट आहे, आणि ती मला त्याच रात्री चकल्या पाडताना दिसली. वेशीवरचे लोक मार्टिनला का हसले? त्याने राखलेल्या तुकड्याने त्याचे अंग पुरते झाकले जात नव्हते म्हणून. त्याच्या अर्ध्या देण्याची खूण त्याच्या अंगावर होती. लेक म्हणाली तेच खरे: दोघांनाही थोडी थोडी थंडी वाजली पाहिजे. जे देऊन मला जराही थंडी वाजत नाही, ते अर्धे नव्हे, ते उरलेले. भिकाऱ्याला कदाचित दोन्ही तुकडे सारखेच दिसतील. देणाऱ्याला मात्र त्यांतला फरक पक्का ठाऊक असतो.

मी आईला फोन कधी करते? जेवणे झाली, भांडी झाली, लेक निजली की. तेव्हा वाईला मध्यरात्र उलटून जाते, म्हणून पुष्कळदा सकाळी कामावर निघताना, जिना उतरता उतरता. म्हणजे दिवसाचे सगळे वाटप होऊन जो वेळ कोणालाच नको असतो, तो मी आईला पोचवत होते. आणि त्याला अर्धी शाल म्हणत होते! नचिकेत्याच्या बापाच्या गाई मला फार दूर शोधायला नकोत.

शनिवारी संध्याकाळी मिरवणूक निघाली तेव्हा मी फोन लावला. वाईला साडेनऊ वाजून गेले होते. आई नऊलाच निजते, पण जागी होती. एका हाताने फोन धरायचा म्हणून हातमोजा काढावा लागला आणि बोटे गारठली. आईने कंदील पाहिले, घोडा पाहिला, ‘अगं, किती मुलं ती!’ म्हणाली. लेकीने मध्येच तोंड घालून अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या जर्मनमध्ये तिला सगळी गोष्ट सांगितली आणि तक्रारही केली, ‘आजी, त्याने अर्धीच दिली!’

‘बरं केलं,’ आई म्हणाली. ‘सगळी दिली असती तर त्या बापड्याला घेववली असती का? ऊब आली असती, पण जन्मभर ओझं वाटलं असतं. आता कसं, दोघं एका शालीतले झाले.’

मग आवाज थोडा खाली आणून, मला ऐकू यावे असे पण माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, ‘घेणाऱ्यालाही पेलावं लागतं, बाई.’

मी इतका वेळ देणाऱ्याच्याच बाजूने विचार करत होते. घेणाऱ्याचीही काही मर्यादा असते, मान असतो, हे आईला ठाऊक होते, कारण ती त्या बाजूला उभी होती. तिने मला मोकळे केले, हे मला कळले. परंतु आईने मोकळे केले म्हणजे लेक मोकळी झाली, असे नाही. क्षमा करणे हा तिचा अधिकार आहे. हिशेब ठेवणे हे माझे काम आहे.

शेकोटीजवळ मुलांना कणकेच्या गोड पावाचे माणूस वाटले. इकडे त्याला वेकमान म्हणतात. मनुकांचे डोळे आणि पोटाशी मातीची पांढरी चिलीम. लेकीने तो मोडून मला वाटा दिला. मला पाय आले. डोके, डोळे आणि चिलीम तिने राखली. तिचा वाटा अंमळ मोठाच होता. मी काही बोलले नाही. पाच वर्षांच्या माणसाने मनुका सोडून उरलेले दिले, तरी त्याला थोडे दान म्हणावेच लागते.

2024 साली दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली. आम्ही दोघी वाईला गेलो आणि मार्टिनचा तो कंदील लेकीने आजीच्या दारात आकाशकंदिलाशेजारी टांगला. अभ्यंगस्नानाच्या दिवशी बॉनहून फोन आला. नवरा एकटाच उठून, तेल लावून, डब्यातली करंजी खात बसला होता. ‘मजेत आहे,’ म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. पावसाचे बोलणाऱ्या आईचा होता तसाच.

शाल कुठे ना कुठे तोकडी पडतेच. या खेपेला कोणाचे पाय उघडे राहिले, तेवढे मात्र रोज रात्री उठून पाहावे.