तारण : कमाई की कृपा?



गेल्या हिवाळ्यात दिल्लीतल्या एका मोठ्या रुग्णालयाबाहेर आम्ही काही सेवेकऱ्यांनी ब्लँकेट वाटली. बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक तिथे फुटपाथवरच रात्र काढतात. वहीत नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. एका बाईने विचारले, सकाळी केसपेपर कोणत्या खिडकीवर मिळतो? मी तिला "थोडं थांबा" म्हणालो आणि पुढे गेलो, कारण अजून बरीच ब्लँकेट वाटायची होती. परत आलो तेव्हा ती तिथे नव्हती. त्या रात्री वहीतला हिशोब पूर्ण जुळला, पण मला समाधान मिळाले नाही. मी सेवा कोणासाठी करत होतो, त्या बाईसाठी की वहीसाठी?

हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मात शतकानुशतके विचारला गेला आहे. गरजूंना मदत केल्याने माणसाचे तारण होते का? मराठी ख्रिस्ती बांधव मोक्षाला 'तारण' म्हणतात. बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे, असा त्याचा भाव आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आमच्या पुस्तकात 'तारण' म्हणजे कर्जापोटी बँकेकडे ठेवलेले सोने किंवा घर. मग सत्कर्मे ही देवाकडे ठेवण्याची अशी काही वस्तू आहे का, की ती दाखवली म्हणजे स्वर्गाचे दार उघडावे?

बायबलमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाचे चित्र उभे करतो. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र कोणी दिले, आजाऱ्याला आणि कैद्याला कोण भेटले, यावरच तिथे निवाडा होतो. याकोबाच्या पत्रातही बजावले आहे की, थंडीने कुडकुडणाऱ्याला नुसता आशीर्वाद देऊन पाठवणारी श्रद्धा मेलेली आहे. उलट पौल इफिसकरांना लिहितो की तारण ही देवाची देणगी आहे, कर्माची कमाई नव्हे. नाहीतर माणूस फुशारकी मारील. आणि येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराला दान करायला वेळच उरला नव्हता. तरी त्याला स्वर्गाचे वचन मिळाले.

मग खरे काय मानायचे? मला याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसले. त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात मोठे वादळ उठले होते. तो वाद आज बाजूला ठेवू आणि त्यांचा आतला प्रवास पाहू.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करताना त्यांनी पाहिल्या आणि त्या भारावून गेल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. म्हणजे धर्म होता, सेवाही होती. तरीही १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. आपण आहोत तसे देवाने आपल्याला स्वीकारले आहे, हे मान्य केल्यावर त्यांना शांती लाभली.

कृपेने सगळे मिळते म्हटल्यावर सेवा थांबायला हवी होती, असे हिशोबी मनाला वाटेल. घडले उलटेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातमध्ये दुष्काळ पडला, तेव्हाही त्यांनी हेच केले. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला शेकडो स्त्रिया आणि मुलींना आसरा मिळाला. त्या संस्थेचे नाव 'मुक्ती'. १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांचे काम चालूच राहिले. मुक्ती कमवायची राहिली नव्हती, म्हणून त्यांचे दोन्ही हात दुसऱ्यांसाठी मोकळे झाले, असे मला वाटते.

याच प्रश्नावर सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरनंतर युरोपातले चर्च दुभंगले होते. १९९९ मध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन चर्चेस यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचा आशय असा : देव माणसाला कृपेने स्वीकारतो, त्याच्या पुण्याईमुळे नव्हे, आणि अशा स्वीकारलेल्या माणसाला तो सत्कर्मासाठी बोलावतो. झाड जिवंत असल्याची खूण फळ देते, पण झाडाला जीव फळामुळे येत नाही.

मग २५ व्या अध्यायातल्या निवाड्याचे काय? तो पुन्हा वाचून पाहा. ज्यांची प्रशंसा होते, ते चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी जेवू घातले? त्यांनी नोंदच ठेवलेली नव्हती. समोर भुकेला होता, म्हणून त्यांनी अन्न दिले. ज्यांना दोष लागतो, तेही विचारतात, आम्ही तुला कधी पाहिले? जणू राजाला ओळखले असते तर त्यांनी नक्की सेवा केली असती! त्यांना गरजू माणूस दिसतच नव्हता. त्याच्यामागचा राजा मात्र हवा होता.

इथे आपल्याला निष्काम कर्माची आठवण होईल. पण घाईने "सगळे एकच" म्हणू नये. ख्रिस्ती विचारात तारण साधनेने साधत नाही, ते येशूवरच्या विश्वासाने स्वीकारायचे असते. हा फरक जपूनही त्यातला एक इशारा आपण घेऊ शकतो. पुण्यासाठी सेवा करणारा नकळत गरिबाला आपल्या मोक्षाची पायरी बनवतो. आणि "कृपा आहेच, सेवा कशाला?" म्हणणाऱ्याला कृपा कळलेलीच नसते.

साधकहो, सेवेची वही सोडून द्या असे मी म्हणत नाही. ब्लँकेट किती लागतील हे कळायला ती हवीच. पण ती देवाला दाखवायची नाही. पुढच्या वेळी सेवेला जाल तेव्हा स्वतःला एवढेच विचारा : आज मी किती जणांना दिले हे मला ठाऊक आहे, पण त्यातल्या एकाचे तरी बोलणे मी पूर्ण ऐकले का?

त्या खिडकीचा नंबर मी आता पाठ केला आहे. ती बाई पुन्हा भेटेलच असे नाही, पण तोच प्रश्न घेऊन दुसरे कोणी तिथे रोजच उभे असते.