खोलीतली हवा कोणाची?



उन्हाळा सुरू झाला की आपल्या घराघरांतून एक तक्रार ऐकू येऊ लागते. मुलगी कामावरून येते आणि म्हणते, "आज पुन्हा मजगानवरून भांडण झाले." जावई म्हणतो, "आमच्या खोलीत निम्मे लोक कुडकुडतात आणि निम्मे घाम पुसतात." वडीलधारी मंडळी यावर हसतात. ज्या देशाने इतकी युद्धे पाहिली, तेथे खोलीतल्या गारव्यावरून काय भांडायचे, असे त्यांना वाटते. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच हसत आलो. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या भांडणात न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा फार चुकीचे दिले. त्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे मनात आले.

आपल्यापैकी पुष्कळांनी मुंबईच्या कचेऱ्यांत कारकुनी केली आहे. तेथे छताला पंखा, टेबलावर पेपरवेट आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी एवढाच काय तो हवेचा सरंजाम असे. भांडणे तेथेही होत. पंख्याखाली बसलेल्याचे कागद उडत, तर कोपऱ्यातला गृहस्थ घामाने डबडबलेला असे. पण ज्याचे पेपरवेट त्याच्या हातात होते. खुर्ची थोडी सरकवता येई, खिडकीचे एक दार ओढून घेता येई. आपली सोय थोडीफार आपल्याला करता येत असे.

१९७१ साली आम्ही इस्राएलला आलो आणि १९७४ मध्ये नेगेवमधील एका शहरात आम्हाला कचेरीत नोकरी मिळाली. खोलीत पाच टेबले आणि खिडकीत बसवलेला एकच मजगान होता. नव्या माणसाला जी जागा मिळायची तीच आम्हाला मिळाली, म्हणजे मजगानच्या नेमकी समोर. गार झोत दिवसभर मानेवर येई. तामूज महिन्यात, बाहेर ऊन रखरखत असताना, आम्ही लोकरी स्वेटर घालून बसत असू. सहकारी चेष्टा करीत, "होदूचा माणूस नेगेवमध्ये येऊन हिमालयात पोहोचला!" झोत जरा दुसरीकडे वळवा, अशी आम्ही दोनचारदा विनंती केली. उत्तर ठरलेले असे, "आम्हा चौघांना बरे वाटते. थंडी तुम्हा एकट्यालाच वाजते. येथे लोकशाही आहे." आम्ही गप्प बसलो, पण मन दुखावले. बहुमताने ठराव होतो, एखाद्याची थंडी मात्र थांबत नाही, असे तेव्हा वाटे.

ही हकीकत येथेच संपली असती तर आम्ही ती लिहिली नसती. आपल्यावर झालेला अन्याय सगळ्यांनाच पाठ असतो.

१९९३ साली आम्ही दुसऱ्या एका कचेरीत एका खोलीचे प्रमुख होतो. आता टेबले सात होती, मजगान नव्या धर्तीचा होता आणि त्याचा रिमोट आमच्या खणात असे. त्या वर्षांत सोव्हिएत देशांतून आलेले ओलिम सगळीकडे नोकऱ्या शोधत होते. त्यांपैकी पन्नाशीच्या एक बाई आमच्या खोलीत रुजू झाल्या. बाकी आम्ही सगळे पुरुष. थोड्याच दिवसांत त्यांनी मोडक्या इव्रीतमध्ये विचारले, "दर तासाला दहा मिनिटे खिडकी उघडू द्याल का? मला गुदमरल्यासारखे होते."

बाहेर शराव चालू होता. धूळ आत येणार, गारवा बाहेर जाणार, विजेचे बिल वाढणार. आम्ही रीतसर मत घेतले. सहा विरुद्ध एक. आपण फार न्यायाने वागलो असेही आम्हाला वाटले. बाईंनी वाद घातला नाही. त्या दिवसातून दोनदा उठून बाहेरच्या वाटेवर उभ्या राहू लागल्या. आम्ही सांगितले, जागेवरून उठल्याची वेळ लिहून ठेवा. आणखी सांगितले की खरोखरच त्रास असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणा. त्या म्हणाल्या, "मी आजारी नाही. मला फक्त हवा हवी आहे." चिठ्ठी त्यांनी आणली नाही आणि खिडकी आम्ही उघडली नाही. वर्षभराने त्यांनी बदली मागून घेतली. जाण्याच्या दिवशी कागदावर आमची सही घेताना त्यांनी शांतपणे विचारले, "मी वर्षभर खोटे बोलत होते असे तुम्हाला वाटले का?"

आम्ही म्हणालो, "तसे नव्हे, पण नियम..." आणि ते वाक्य आमच्याकडून पुरे झाले नाही.

संध्याकाळी घरी हे सांगितले, तेव्हा घरची मंडळी म्हणाली, "त्या वयात बाईच्या अंगातून वाफा निघतात. सहा पुरुषांसमोर तिने काय सांगायचे होते?" थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "आणि तामूजमधला तुमचा तो स्वेटर मीच विणला होता, हे विसरलात वाटते." त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

वाचकहो, आमचे चुकले कोठे? मत घेणे वाईट नाही. कचेरीची सहल कोठे न्यावी हे मत घेऊनच ठरवावे. परंतु बाई गुदमरतात की नाही हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच ठाऊक होते. जी गोष्ट सातव्या माणसालाच कळू शकत होती, तिच्यावर आम्ही सहा जणांनी निकाल दिला. आणि चिठ्ठी मागितली म्हणजे काय केले? तुमच्या शब्दाला किंमत नाही, पुरावा आणा, असे सांगितले. हे आपल्या समाजाला नवे नाही. १९६२ साली आपल्या लोकांच्या लग्नांच्या वेळी आईआजीपर्यंतच्या वंशाची चौकशी मागण्यात येऊ लागली. १९६४ साली आपले बांधव यरुशलाईममध्ये ठाण मांडून बसले आणि क्नेसेतने ठराव केला, तेव्हा कोठे तो प्रश्न मार्गी लागला. खिडकीची गोष्ट त्यापुढे फार लहान आहे, हे आम्ही जाणतो. पण आपल्याविषयी आपण जे सांगतो ते ऐकणाऱ्याने खरे न मानण्याचे दुःख कसे असते, हे ज्या समाजाने भोगले, त्यातल्या माणसाला तरी ते ओळखता यायला हवे होते.

शिवाय ज्ञानाच्या दृष्टीनेही आमची बाजू लंगडी होती. आम्ही समजत होतो की खोली गार आहे म्हणजे हवा चांगली आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरचा मजगान खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. नवी हवा तो बहुधा आणीत नाही. म्युनिकच्या पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने १८५८ सालीच दाखवले की माणसांनी भरलेल्या बंद खोलीतली हवा कितपत शिळी झाली, हे उच्छ्वासातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून मोजता येते. हजारात एक भाग ही त्याने मर्यादा ठरवली. बाहेरच्या हवेत आज हा वायू दहा हजारांत सुमारे चार भाग असतो. सात माणसे दारे-खिडक्या लावून तासन् तास बसली तर पेटेनकोफरची मर्यादा सहज ओलांडली जाते. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे शंभर वॅट उष्णताही बाहेर पडत असते, म्हणजे पूर्वीच्या शंभराच्या दिव्याइतकी. असे सात दिवे आमच्या खोलीत दिवसभर जळत होते.

तपमानाचेही तसेच आहे. डेन्मार्कच्या फांगर या संशोधकाने शेकडो माणसांवर प्रयोग करून १९७० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या हिशेबाप्रमाणे खोलीचे तपमान कितीही काळजीपूर्वक ठरवले, तरी शंभरातले निदान पाच जण नाखूष राहतात. सर्वांना मानवेल असा आकडाच नाही. पुढे २०१५ साली हॉलंडच्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कचेऱ्यांच्या तपमानाच्या हिशेबात शरीराच्या उष्णतेचे जे प्रमाण धरले जाते, ते चाळीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषावरून घेतलेले आहे. स्त्रियांच्या शरीरात त्यापेक्षा कमी उष्णता तयार होते, म्हणून पुष्कळ जणींना कचेरीत थंडी वाजते. काहींच्या बाबतीत, आमच्या खोलीतल्या बाईंप्रमाणे, वयामुळे उलटेही होते. तात्पर्य, रिमोटवरचा आकडा सर्वांना एक, पण तो सोसणारी शरीरे वेगवेगळी.

या प्रश्नाला आपल्या शास्त्रांत काही आधार आहे का, म्हणून आम्ही पुढे शोध केला. तालमूदच्या बाबा बात्रा भागात, २३ व्या पानावर, रव योसेफची एक हकीकत आहे. त्यांची खजुराची लहान झाडे होती. त्यांच्या खाली रक्त काढणारे वैदू येऊन बसत. रक्ताच्या वासाने कावळे येत, ते खात आणि मग झाडावर चढून खजूर नासवीत. रव योसेफ म्हणाले, ही कावकाव येथून हलवा. अबाये यांनी हरकत घेतली की वैदूंनी प्रत्यक्ष काही केलेले नाही, शिवाय त्यांची तेथे बसण्याची वहिवाट आहे. रव योसेफ यांनी उत्तर दिले की दुसऱ्याला उपद्रव देण्याची वहिवाट होत नाही. अबाये म्हणाले, ते तर धूर आणि शौचकूप यांच्याबद्दल सांगितले आहे. त्यावर रव योसेफ यांचे म्हणणे असे की माझा स्वभाव नाजूक आहे, मला हे धुराइतकेच असह्य होते.

आम्हाला या हकीकतीत एका गोष्टीचे नवल वाटले. तुम्ही नाजूक असाल तर तो तुमचा दोष, असे तेथे त्यांना कोणी ऐकवले नाही. त्यांच्या सांगण्याला वजन मिळाले.

आता कोणी म्हणेल, मग काय, जो जो नाजूक असेल त्याने खोलीवर राज्य करावे? एकाला गरम होते, दुसऱ्याला थंडी वाजते, दोघेही खरे बोलत आहेत. दोघांवर विश्वास ठेवला तरी खिडकी एकाच वेळी उघडी आणि बंद ठेवता येत नाही. ही हरकत खरी आहे. विश्वास ठेवला म्हणजे निकाल लागला असे नाही. पण त्याने पहिले पाऊल पडते. "तुम्हाला खरोखर त्रास होतो का?" हा वाद संपतो आणि "मग आता काय करू या?" हे बोलणे सुरू होते. आमच्या खोलीत ते बोलणे कधी सुरूच झाले नाही.

ते सुरू झाले असते तर मार्ग निघाले असते. पहिला विचार असा की उपाय कोणाच्या हातात आहे? ज्याला थंडी वाजते तो स्वेटर घालू शकतो, ज्याला उकडते त्याला कातडी काढून ठेवता येत नाही. म्हणून थोडे जास्त थंडीवाल्याने सोसावे. मात्र स्वेटर घालूनही ज्याच्या मानेवर झोत येतो त्याचे टेबल हलवणे हे बाकीच्यांचे काम आहे. दुसरा विचार असा की एकाची आवड आणि दुसऱ्याचा त्रास एका तराजूत घालू नयेत. आम्हा सहा जणांना दहा मिनिटे जरा गरम झाले असते, इतकेच. तिसरे, मागणाऱ्यानेही थोडकेच मागावे. बाईंनी दिवसभर खिडकी मागितली नव्हती, तासातली दहा मिनिटे मागितली होती. आणि चौथे, रिमोट एकाच्या खणात असू नये. १९९८ साली डी डिअर आणि ब्रेगर या संशोधकांनी दाखवले की जेथे माणसांना स्वतः खिडकी उघडता-मिटता येते, तेथे ती जास्त गरमी-थंडी आनंदाने सोसतात. मुंबईच्या पेपरवेटचे रहस्य आम्हाला तेव्हा उमगले.

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि जगभरच्या आरोग्य खात्यांनी सांगितले की खोल्यांच्या खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या. आम्ही तेव्हा निवृत्त होतो. ती सूचना ऐकताना आम्हाला त्या बाई आठवल्या. साथीचे कारण वेगळे होते हे खरे, पण जे सरकारने सांगितल्यावर सर्वांनी मुकाट्याने केले, ते एका सहकारी बाईने विनवून मागितले तेव्हा आम्ही मतास टाकले होते.

इव्रीतमध्ये वारा आणि प्राण या दोहोंना एकच शब्द आहे, रुआख. खोली मालकाची असेल, टेबल कचेरीचे असेल, पण खोलीतली रुआख कोणा एकाच्या नावावर नसते.

त्या बाई आज कोठे आहेत हे आम्हाला माहीत नाही, त्यामुळे क्षमा मागण्याची सोय उरलेली नाही. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या तरुण मंडळींना एवढीच विनंती की उद्या कचेरीत कोणी म्हणाले, मला थंडी वाजते, मला हवा पुरत नाही, तर मते मोजण्याआधी त्याच्याजवळ जाऊन विचारा, "तुम्हाला कसे बरे वाटेल?" आणि तो सांगेल ते खरे माना.

सर्वांना शालोम.