स्वगुणांची जबानी

मनुष्याने स्वतःच्या स्वभावाची झडती घ्यावी ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की पूर्वी जी झडती दोषांसाठी घेतली जात असे, ती आता गुणांसाठी घेतली जाते. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची आणि पढतमूर्खाची जी लक्षणे एकापाठोपाठ एक मांडली, ती वाचकाने शेजाऱ्याला न लावता स्वतःला लावून पाहावीत आणि जे अंगी आढळेल त्याचा त्याग करावा, असाच त्यांचा रोख होता. त्या यादीतून निर्दोष सुटलेला वाचक अद्याप माझ्या तरी पाहण्यात नाही.

पाश्चात्त्य मानसशास्त्राच्या प्रश्नावल्यांचा प्रारंभही दोषशोधनानेच झाला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने मनोधैर्य खचलेल्या सैनिकांची दशा पाहून, असा प्रसंग ज्यांना झेपणार नाही असे उमेदवार भरतीच्या वेळीच हुडकता यावेत, म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यांनी अमेरिकन लष्करासाठी होय किंवा नाही एवढेच उत्तर मागणारी ११६ प्रश्नांची प्रश्नावली रचली. ती प्रत्यक्ष उपयोगात येण्यापूर्वीच युद्ध संपले; परंतु ज्याची चौकशी करावयाची त्याचीच जबानी घ्यावयाची आणि तीच पुरावा म्हणून दप्तरी दाखल करावयाची, हा तिने घातलेला पायंडा मात्र कायम राहिला. पुढे १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठातील हॅथवे आणि मॅकिन्ली यांची जी सुप्रसिद्ध चाचणी प्रसिद्ध झाली, तीत खोटी जबानी पकडण्याची स्वतंत्र तजवीज होती. तथापि शोध व्याधीचाच होता.

ही दिशा पालटण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल त्यांत नेब्रास्का विद्यापीठातील डोनाल्ड क्लिफ्टन अग्रगण्य होत. माणसात काय बिघडले आहे याचा इतका खल होतो, तर त्याच्या ठायी काय उत्तम आहे याचा अभ्यास का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न. आणि त्यातून निघालेली ३४ गुणांची ‘स्ट्रेंग्थ्सफाइंडर’ चाचणी २००१ सालच्या एका पुस्तकाबरोबर कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचली. इकडे मार्टिन सेलिगमन यांनी ख्रिस्तोफर पीटरसन यांच्या सहकार्याने देशोदेशींच्या धर्म-तत्त्वज्ञानांचा धांडोळा घेऊन, २००४ साली ६ सद्गुणांखाली २४ गुणांची वर्गवारी सिद्ध केली. मनोविकारांच्या जाडजूड सूचीसमोर मनुष्याच्या बलस्थानांचीही एक सूची असावी, ही आकांक्षा उदात्त होती, यात मला शंका नाही.

शंका आहे ती जबानीविषयी. स्वतःविरुद्ध दिलेल्या कबुलीला कोणताही मुन्सफ काही वजन देतो. स्वतःच्या तारिफेला कोण देईल? शिवाय, निकाल वाचून ‘हा हुबेहूब मीच’ असे वाटणे हीही साक्ष कच्चीच. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेऊन प्रत्येकाला त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले, आणि ते कितपत जुळते याला ५ पैकी गुण द्यावयास सांगितले; सरासरी ४.२६ आली. वास्तविक सर्वांच्या हाती पडलेला मजकूर अक्षरशः एकच होता, आणि त्यातील बहुतेक वाक्ये वृत्तपत्रांच्या दुकानात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती!

म्हणून या चाचण्या टाकाऊ ठरतात असे मात्र नव्हे. सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांनी केवळ आपले प्रमुख गुण ओळखून ते अधिक वापरण्याचा संकल्प केला त्यांचा उल्हास अल्पकाळच टिकला. परंतु ज्यांना त्यांपैकी एखादा गुण आठवडाभर रोज नव्या रीतीने वापरावयास सांगितले होते, त्यांच्यात सुधारणा सहा महिन्यांपर्यंत दिसून आली. चाचणीची खरी योग्यता यातच कळून येते: ती निकालपत्र नसून फार तर अर्ज आहे, आणि त्याची छाननी व्हावयाची ती कामाच्या ठिकाणी. तेव्हा वाचकहो, अशी चाचणी अवश्य द्या. मात्र हाती आलेली गुणांची यादी, ज्याने तुमच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले आहे अशा एखाद्या स्पष्टवक्त्या सहकाऱ्यापुढे ठेवा, आणि त्याला जे गुण कधी दिसलेच नाहीत त्यांवर त्याला खुशाल काट मारू द्या.