कोड उरतो, कारण जातं

जुनं फ्रेमवर्क गळ्यात पडलं की डेव्हलपर वैतागून म्हणतो, ‘याचं डॉक्युमेंटेशन धड नाही.’ तक्रार खरी, पण अर्धी. समजा, कोणी प्रत्येक फंक्शन काय घेतं नि काय परत देतं हे नीट लिहून काढलं, तर त्रास संपेल?

अँग्युलरजेएस घ्या. गूगलचं हे फ्रेमवर्क 2010 साली आलं. 2016 साली मुळापासून नव्याने लिहिलेलं अँग्युलर आलं आणि 2021 अखेर जुन्याचा सपोर्ट बंद झाला. त्याच्यावर उभी असलेली ॲप्लिकेशन्स मात्र एका तारखेला थोडीच बंद होतात! अँग्युलरजेएसमध्ये डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलते. पण तोच बदल ब्राउझरच्या साध्या सेटटाइमआउटमधून केला, तर स्क्रीन ढिम्म. मग कोणी ‘अप्लाय’ घालतं. ते भलत्या जागी पडलं की ‘डायजेस्ट ऑलरेडी इन प्रोग्रेस’ ही एरर येते. त्यावर उतारा म्हणजे तो बदल फ्रेमवर्कच्या स्वतःच्या टाइमआउटमध्ये, शून्य मिलिसेकंद देऊन गुंडाळायचा. चालतं. पुढे त्या ओळीला हात लावायची कोणाची छाती होत नाही.

खरं तर गोम एकच आहे. फ्रेमवर्क डेटावर अखंड नजर ठेवत नाही. त्याला ‘अप्लाय’ने कळवलं की ते एक फेरी, म्हणजे ‘डायजेस्ट’, मारतं, प्रत्येक व्हॅल्यू आधीच्या व्हॅल्यूशी ताडून पाहतं आणि फरक दिसला तर पुन्हा फिरतं. परस्पर केलेला बदल त्याच्या गावीही नसतो. एक फेरी चालू असताना दुसरी सुरू करता येत नाही. तो टाइमआउट चालू फेरी संपू देतो आणि मग नवी मारायला लावतो. एवढं डोक्यात बसलं की सगळी कोडी एकदम सुटतात. फंक्शनांची यादी पाठ करून ती सुटत नाहीत.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 1985 सालच्या एका निबंधात हेच मांडलं: प्रोग्राम म्हणजे मुळात तो रचणाऱ्यांच्या डोक्यातली समज. त्यांनी दाखला दिला तो एका कंपायलरचा. तो वाढवायला घेतलेल्या दुसऱ्या गटाकडे टिपणांसह कोड होता, भरपूर कागदपत्रं होती, मूळ गटाचा सल्लाही होता. तरी या दुसऱ्या गटाने सुचवलेले काही मोठे बदल म्हणजे ठिगळं निघाली. मूळ रचनेत आधीच असलेली सोय त्यांना दिसलीच नाही. मूळ गटाने ती चटकन दाखवून दिली.

दुर्लक्षित फ्रेमवर्कमध्ये अशी दाखवून देणारी माणसंच निघून गेलेली असतात. नाउर तर म्हणतात की गेलेली समज नुसत्या कागदांवरून पुन्हा उभी करता येत नाही. म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाहीत. पण त्यांत लिहायचं काय, ते बदलतं. फंक्शन काय करतं, हे कोड वाचून उशिरा का होईना कळतं. कोणता पर्याय सोडून दिला आणि का, हे कोडमध्ये कुठेच नसतं. माणसं जागेवर आहेत तोवर लिहून घ्यायचं ते हे, आणि नवं फ्रेमवर्क निवडताना आधी शोधायचं तेही हेच.