आजोबांचा विशीतला फोटो

आजोबांचा विशीतला फोटो पाहून नातवाच्या मनात जे जागे होते, त्याला स्मृती म्हणायचे का? न्यायदर्शनाच्या मते अनुभवाचा संस्कार मागे राहतो आणि त्यातूनच पुढे स्मृती उपजते. एकाने अनुभवलेले दुसऱ्याला आठवत नाही, यावरून नैयायिक स्थिर आत्मा सिद्ध करतात. मग नातवाने कधीच न पाहिलेला तो तरुण त्याच्या स्मृतीत येणार कुठून? चेहरा कागदावर दिसतो. हा माणूस आपला, हे मात्र आजीने किंवा आत्याने सांगितलेले असते. इथे प्रमाण डोळ्यांचे थोडे आणि आप्तवाक्याचे, म्हणजे विश्वासू माणसाच्या शब्दाचे, जास्त.

कोणी म्हणेल, बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूने आत्म्याशिवायही, क्षणांच्या प्रवाहातून स्मृतीचा उलगडा केला आहे. खरे आहे, पण तो प्रवाहही ज्याचा त्याचा; आजोबांचा नातवात उतरत नाही. तरीही ऐकीव म्हणून ही ओळख हलकी ठरते, असे मला मुळीच वाटत नाही. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह यांची नावे घेतात, आणि पणजोबांना पाहिलेला माणूस विरळाच. ती कृतज्ञता सांगोवांगीवरच उभी आहे. सांगणारे गेले की फोटोतला माणूस परका होतो. म्हणून घरातल्या थोरांना आजच विचारा, आणि फोटोमागे नाव, गाव, साल पेन्सिलीने लिहून ठेवा.